ऑलिव्ह खाली उतरेपर्यंत

रेवा आणि कबीर,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नाही, मी स्लॉथला कडेवर घेतलं नाही. हातसुद्धा लावला नाही. तुम्ही मागितलेला फोटो त्यामुळे माझ्याकडे नाही. पण एका स्लॉथच्या पोटासाठी अख्खं घर दिवसचे दिवस जीव मुठीत धरून बसलेलं मी पाहिलं, आणि त्या घरात मी पाहुणी होते. तुम्ही पुण्यात बसून फोनवर झाडाला उलटे लटकलेले जे संथ स्लॉथ पाहता, त्यात हे दिसत नाही. म्हणून घरी परतल्यावर कपडे धुऊन, फ्रीज भरून झाल्यावर पहिल्यांदा हेच लिहायला बसले. बाबाकडून वाचून घेऊ नका. पुण्याला राहायला गेल्यापासून तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं झालंय असं तो सांगतो, तेव्हा तुमचं तुम्हीच वाचा.

सुधाआजीचं अंगण

न्यू जर्सीत पिस्कॅटवेहून निघाले तेव्हा दारात गुडघाभर बर्फ होतं. विमानप्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. विमान उडालं आणि उतरलं. उतरल्यावर कोट हातात धरून बाहेर आले तर वसंतआजोबा अर्ध्या चड्डीत उभे.

"ताई, हा कोट आता परत जाईपर्यंत कपाटात," ते म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझी धाकटी बहीण, म्हणजे तुमची सुधाआजी, वसंतआजोबांसोबत फ्लोरिडात मायामीच्या दक्षिणेला राहते. शहर जिथे संपतं आणि रोपवाटिका, स्ट्रॉबेरीची शेतं, फणसाच्या आणि आंब्याच्या बागा सुरू होतात, तिथे. रस्त्याच्या कडेला फळांचे स्टॉल असतात. तिथे मामे नावाचं फळ मिळतं. बाहेरून चिकूचा मोठा भाऊ, आतून गाजरासारखं लाल, आणि चव रताळ्याच्या खिरीसारखी. त्याचं मिल्कशेक मी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायला नको होतं, पण ते माझं पोट. या पत्राचा विषय दुसऱ्याच पोटाचा आहे.

सुधाच्या घराला कुंपण म्हणून जास्वंद आहे. लाल, एकेरी पाकळीची, आपल्याकडे देवाला वाहतात तीच. तीस वर्षांपूर्वी तिनं एक फांदी लावली, तिच्या फांद्या करत करत आता तिन्ही बाजूंनी भिंत झाली आहे. रोज सकाळी आंघोळ करून ती परडी घेऊन बाहेर येते. शेजारची अमेरिकन मंडळी त्या वेळी कुत्री फिरवत असतात. आता सगळ्यांना तिच्या परडीची सवय आहे.

आदल्या दिवशीच्या फुलांचं काय करायचं हा इथे जुना प्रश्न आहे. तुमच्याकडे नदीच्या पुलावर निर्माल्याचा कलश असतो. सुधाच्या घरामागच्या कालव्यात मगर असते. देवाची फुलं कचऱ्याच्या पिशवीत टाकायला सुधा कधीच तयार झाली नाही. इतकी वर्षं ती आंब्याच्या बुंध्याशी खड्डा करून पुरायची.

"आंब्याला मोहोर येतो तो त्याचाच," ती म्हणाली.

"मोहोर मी घालतो त्या खताचा येतो," वसंतराव पेपरामागून म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी अनयाआत्याला घराजवळच नोकरी मिळाली आणि जास्वंदीला दुसरं गिऱ्हाईक आलं.

ऑलिव्हची भेट

अनया सुधाची मुलगी, तुमच्या बाबाची मावसबहीण, म्हणजे तुमची आत्या. जन्म इथलाच. ती प्राण्यांची डॉक्टर आहे. कुत्र्यामांजरांची नाही, रानटी प्राण्यांची. ती काम करते ते केंद्र घरापासून थोड्या अंतरावर, एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेत आहे. चोरून आणलेले, विकलेले आणि मग पकडलेले प्राणी तिथे ठेवतात. तिथे सध्या चार स्लॉथ आहेत. आपल्याकडच्या अस्वलाच्या इंग्रजी नावात स्लॉथ हा शब्द येतो, पण त्या दोघांचा काही संबंध नाही. बाबाचा यात नेहमी गोंधळ होतो, त्यालाही सांगा.

आम्ही गेलो तेव्हा दारात एक कुटुंब उभं होतं. मुलीच्या वाढदिवसाला स्लॉथला मिठी मारून फोटो काढायचा होता आणि त्यासाठी ते लांबून गाडी चालवत आले होते. अनया त्यांना हसून नाही म्हणत होती. आई नाराज झाली. "पण तो तर हसतोय!" ती आत बोट दाखवत म्हणाली.

मला वाटलं, तुमच्यासाठी मीही हेच म्हणणार होते. म्हणून हातातला फोन मी परत पर्समध्ये ठेवला.

ते गेल्यावर अनया म्हणाली, "मावशी, दॅट्स जस्ट देअर फेस. तोंडाची ठेवणच तशी आहे. ते घाबरले तरी हसरेच दिसतात. पळू शकत नाहीत ना, म्हणून घाबरले की एकदम स्टिल होतात. लोकांना वाटतं, वा, किती छान बसलाय मांडीवर."

मग मी ऑलिव्हला पाहिलं. मोठी जाळीची खोली, आत उभ्या-आडव्या फांद्या, वर उबेचा दिवा. एका फांदीखाली कुणीतरी जुनं पायपुसणं वाळत टाकलंय असं वाटलं. ते पायपुसणं मान वळवू लागलं. मान वळून माझ्याकडे येईपर्यंत मी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला होता. तपकिरी डोळे, ओलं नाक, पुढच्या पायांना दोन दोन आणि मागच्यांना तीन तीन लांब नख्या. केसांचा भांग पोटावर पडतो आणि केस पाठीकडे उतरतात, म्हणजे बाकीच्या प्राण्यांच्या अगदी उलट. सगळा जन्म उलटं लटकून काढायचा, तर पावसाचं पाणी निथळायला हेच बरं.

"ऑलिव्ह नाव का?" मी विचारलं.

"आली तेव्हा ग्रीन होती म्हणून."

हे नीट वाचा. रानातल्या स्लॉथच्या केसांत शेवाळं वाढतं. पावसाळी जंगलात ते ओले असतात, हलत फार नाहीत, त्यामुळे अंगावर बाग तयार होते. त्या बागेत एका जातीचे पतंगही राहतात. हिरव्या अंगामुळे पानांत ते दिसत नाहीत. पिंजऱ्यात जन्मलेल्या स्लॉथला हे शेवाळं सहसा नसतं. ऑलिव्ह एका माणसाच्या गोदामातून जप्त झाली तेव्हा तिच्या पाठीवर हिरवी झाक होती. याचा अर्थ ती नुकतीच, मोठी झाल्यावर, जंगलातून धरून आणलेली होती.

"सो व्हॉट?" असं तुम्ही म्हणाल. मीही विचारलं, मराठीत.

अनया म्हणाली, "कोणत्या झाडाची पानं खायची ते बाळ आईकडून शिकतं. तिच्या पोटावर बसून, तिच्या तोंडातलं पान चाटून. बाकीचे तिघं लहानपणीच आईपासून तोडलेत. त्यांना जंगलात सोडलं तर ते उपाशी मरतील, झाडं समोर असून. ऑलिव्हला माहितीये. शी हॅज द मॅप. तिच्या जंगलाकडच्या लोकांशी बोलणं चाललंय. ती हेल्दी राहिली तर परत जाऊ शकते. ती एकटीच."

सुधा शेजारी उभी होती. हातात कागदी पिशवी, पिशवीत त्या सकाळची ताजी फुलं आणि कोवळी पानं. तिथले सगळे स्लॉथ जास्वंदीवर तुटून पडतात. म्हणजे, त्यांच्या पद्धतीनं तुटून पडतात. अनयाची सहकारी मारिसोल, साठीची क्यूबन बाई, हिनं लांब काठीला फूल अडकवून पुढे केलं. ऑलिव्हनं ते हुंगलं, ओठांत धरलं आणि देठापर्यंत चावत नेलं.

"सुदा, तुझ्या देवाची आवड चांगली आहे," मारिसोल म्हणाली. सुधा अशी फुलली की विचारू नका.

गणेश जयंती

माघी गणपतीला सुधाकडे आजूबाजूची सात-आठ मराठी घरं येतात. उकडीचे मोदक मी आणि ती मिळून करतो. माझ्या कळ्या जास्त आणि सारख्या पडतात. तिचं सारण चांगलं. नागपूरकडची एक मुलगी यंदा पहिल्यांदा आली होती. तिनं मोदकावर तूप घेताना विचारलं, "काकू, यासोबत तिखट काहीच नाही का?" तिला मारिसोलकडून आलेले कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले तुकडे दिले. ते तिनं लसणाच्या चटणीबरोबर खाल्ले आणि आम्हीही मग तसेच खाल्ले.

त्या दिवशी कुंपणावरचं फूल न् फूल, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांसकट, गणपतीवर चढलं. एकवीस तर हवीतच, शिवाय आलेल्या प्रत्येकानं एकेक वाहिलं. मूर्ती दिसेनाशी झाली. वर हळद, कुंकू, अष्टगंध, गुलाल. दुसऱ्या दिवशी सकाळी अनया कामावर निघाली तेव्हा सुधानं तिच्या हातात नेहमीची पिशवी दिली. फोनवर बोलत अनयानं ती न बघता घेतली.

त्याच दुपारी वारा उत्तरेकडून सुटला.

थंडी

न्यू जर्सीच्या मानानं ती थंडी नव्हतीच. पण तिथली घरं, झाडं आणि माणसं थंडीसाठी बांधलेली नाहीत. वसंतरावांनी माझा कोट कपाटातून काढला, मला न विचारता स्वतः घातला. रेडिओवर सूचना येत होत्या, त्यातली एक मी इथे लिहिते कारण तुमचा विश्वास बसणार नाही: झाडांवरून इग्वाना पडण्याची शक्यता आहे, जपून चाला.

इग्वाना म्हणजे घोरपडीएवढा हिरवा सरडा. तिथले मूळचे नाहीत, पण फार झालेत. थंडीत ते गारठून बधिर होतात आणि पिकल्या फणसासारखे खाली येतात. मरत नाहीत. ऊन आलं की उठून चालू लागतात.

सकाळी एक आमच्या अंगणात पडलेला होता, उताणा, चारही पाय वर. घरात कुणी उठलं नव्हतं. मी कपडे वाळवायच्या ड्रायरमधून निघालेला गरम टॉवेल आणला आणि त्याच्यावर पसरला. नीट, चारही टोकं सारखी करून. मग आत जाऊन अंथरूण आवरलं.

थोड्या वेळानं वसंतराव खिडकीतून म्हणाले, "ताई, तुमच्या पाहुण्यानं नाश्ता केला."

थंडीनं जास्वंदीच्या कळ्या आधीच गळाल्या होत्या. ज्या थोड्या उरल्या होत्या त्या या इग्वानानं ओळीनं खाल्ल्या होत्या. तो कुंपणावर बसून आमच्याकडे बघत होता आणि टॉवेल अर्ध्या वाटेवर पडला होता.

हसून झालं आणि अनयाचा फोन आला.

पिशवीतला लाल रंग

केंद्रातली वीज रात्री काही तास गेली होती. जनरेटर चालू झाला, पण सगळ्या दिव्यांना तो पुरला नाही. आता दिवे आले होते, बाकीचे तिघं पानं खात होते. ऑलिव्ह खात नव्हती.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागेल. नाकं मुरडू नका. स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच शी करतात, आणि त्यासाठी झाडावरून खाली जमिनीवर येतात. जंगलात हे मोठं धोक्याचं काम आहे, कारण जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही आणि जग्वार दबा धरून असू शकतो. तरी येतात. एक पान पचायला त्यांना कितीतरी दिवस लागतात. ते पान पचवतात पोटातले जंतू, आणि जंतूंना ऊब लागते. स्लॉथला आपल्यासारखी अंगची ऊब फारशी राखता येत नाही. गारठा पडला की जंतू काम थांबवतात. मग पोट पानांनी गच्च भरलेलं असतं आणि प्राणी उपासमारीनं मरतो.

ऑलिव्हचा खाली यायचा दिवस होऊन गेला होता. पोट टणक लागत होतं.

संध्याकाळी अनया घरी आली ती कागदी पिशवी हातात घेऊन. पिशवी तिनं जेवणाच्या टेबलावर पालथी केली. चुरगळलेली दोन-तीन फुलं पडली. पिशवीचा तळ आतून लाल झाला होता.

"आई, हे काय आहे?"

"कुंकू असेल. बाप्पाची फुलं आहेत ती." सुधा कणीक मळत होती. "ताजी राहिलीच नव्हती ना काही. आणि मी धुतली होती गं. दोनदा."

"धुतलीस कशाला? म्हणजे तुला माहीत होतं, त्यावर काहीतरी आहे."

सुधाचे हात थांबले.

"त्यात डाय असतो, आई. काय काय असतं कुणाला माहीत. मी सांगितलं होतं, ओन्ली फ्रेश, नथिंग ऑन इट."

"बाप्पाच्या पायावरचं फूल कधी कुणाला बाधलंय का?"

"तिला बाप्पा माहीत नाही. तिच्या पोटातल्या बॅक्टेरियांनापण माहीत नाही." मग अनया खुर्चीवर बसली आणि इंग्रजीत म्हणाली की चूक तिचीही आहे, पिशवी उघडून बघायला हवी होती, मारिसोलला वाटलं, रंग फुलाचाच आहे.

"मग कुंकवानं झालं का थंडीनं?" वसंतरावांनी विचारलं.

"आय डोन्ट नो, बाबा. दोन्हीनं. कशानंच नाही. कळणारही नाही कदाचित."

सुधानं परत कणीक मळायला घेतली. ती कणीक तिनं फारच मळली. पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. जेवताना ती म्हणाली, "ती खाली उतरेपर्यंत मी चहा घेणार नाही."

तुमची सुधाआजी दिवसातून पाच वेळा चहा घेते.

वसंतराव म्हणाले, "म्हणजे शिक्षा मला."

दोरीचा पूल

नंतरचे दिवस आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत केंद्रातच असायचो. खोलीत दिवे वाढवले होते. अनया ऑलिव्हला सुईनं पाणी देई, पोट हळूहळू चोळी, आणि मग सगळे बाजूला होत. जास्त माणसं जवळ थांबली तर ती ताठ होते आणि पोटही सुटत नाही. त्यामुळे आम्ही काचेपलीकडे बाकावर बसायचो. सुधा बरोबर थर्मासमध्ये चहा न्यायची.

"प्यायचा नाही तर आणतेस कशाला?" मी विचारलं.

"उतरली तर?"

पहिल्या दिवशी मी घड्याळ बघत होते. मला बसून राहायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी घड्याळ बघायचं सुटलं. ऑलिव्ह एक हात पुढे करते आणि मग मधेच थांबते, जणू विसरली. विसरलेली नसते. त्या हाताला तिथे पोचायचंच असतं, फक्त आत्ताच नाही.

दुपारी अनया डबा खायला आमच्याजवळ यायची. एकदा तिनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. ती दर वर्षी काही महिने कोस्टा रिकात जाते. तिथे जंगल मधूनमधून कापलं गेलंय. रस्ते गेलेत, घरं झालीत. स्लॉथला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला फांदीला फांदी लागावी लागते. मधे रस्ता आला की ते विजेच्या तारेला फांदी समजून धरतात आणि भाजतात, किंवा खाली उतरून रस्ता ओलांडू बघतात. म्हणून अनया आणि तिथली माणसं झाडाझाडांत जाड दोर बांधतात. तारांवर वेष्टण चढवायला वीजवाल्यांच्या मागे लागतात. मोकळ्या जागी त्यांच्या खाण्याची झाडं लावतात.

चित्रफितीत रात्रीचा काळा-पांढरा दोर होता. त्यावरून एक आई उलटी लटकत चालली होती, पोटाला पिल्लू. खालून मोटार गेली. दिव्याचा झोत येऊन गेला. आई थांबली, मग पुढे निघाली.

"हा दोर आम्ही बांधला, आणि कितीतरी महिने कुणीच आलं नाही," अनया म्हणाली. "फक्त खारी आणि माकडं. लोक म्हणाले, वेस्ट आहे. मग ही आली. आता रोज नाही, पण येते."

"ऑलिव्ह परत गेली तर अशीच चालेल?" सुधानं विचारलं. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं लांब वाक्य.

"गेली तर."

परत येताना सुधा गाडीत म्हणाली, "ताई, इतक्या लांबून धरून आणली, गोदामात वाचली, आणि आता माझ्या फुलानं..." मी म्हणाले, थंडीनंही असेल. ती म्हणाली, असेल. आम्ही दोघी स्ट्रॉबेरीची शेतं बघत राहिलो.

मंगळवारचं फूल

सोमवारी अनया म्हणाली की ऑलिव्ह कोणतंच पान घेत नाही, पण ताजं जास्वंदीचं फूल मिळालं तर कदाचित तोंड उघडेल. एकदा काही गिळलं, आतडं हललं, तर बरं. केंद्रातली जास्वंद थंडीनं काळी पडली होती. मारिसोलच्या घरची तशीच. बाजारातली फुलं औषध मारलेली, ती चालत नाहीत.

सुधानं टॉर्च घेऊन कुंपणाची तिन्ही बाजूंनी तपासणी केली. तुमच्या या आजीच्या इग्वानानं काम चोख केलेलं होतं. शेवटी धुण्याच्या खोलीमागे, जिथे ड्रायरची गरम हवा भिंतीतल्या भोकातून बाहेर पडते, तिथल्या झुडपाच्या एका आतल्या फांदीवर एक कळी सापडली. लाल टोक दिसत होतं. सकाळी उमलणार होती.

संध्याकाळी सुधानं चार चादरी ड्रायरमध्ये घातल्या. कोरड्याच. ड्रायर पुन्हा पुन्हा चालू केला. विजेच्या बिलावर एरवी व्याख्यान देणारे वसंतराव टीव्हीचा आवाज तेवढा वाढवून बसले.

दुसरा दिवस मंगळवार. लग्न झाल्यापासून सुधाच्या गणपतीनं एक मंगळवार जास्वंदीशिवाय काढलेला नाही. विमानात, हॉस्पिटलात, वादळात छप्पर गळत असताना, कधीच नाही. आईकडे शिकलेली शिस्त आहे ती. देवाला पहिलं, न हुंगलेलं, न वापरलेलं. मग बाकीच्यांना. आम्ही दोघी तशाच वाढलो. मी सोडून दिलं, तिनं सांभाळलं.

सकाळी ती आंघोळ करून, केस बांधून, परडी घेऊन बाहेर आली. मी मागून गेले. फूल उमललं होतं. थोडं लहान, पण पुरतं. तिनं ते खुडलं आणि परडीत ठेवलं. मग तशीच उभी राहिली. अनयाची गाडी दारात चालू होती. तिनं फूल मागितलं नाही.

सुधा घराच्या दाराकडे वळली. दोन पावलं गेली. मग परत फिरली, गाडीच्या खिडकीतून परडीच आत दिली.

"परडी स्वच्छ आहे. कुंकू नाही लागलेलं," ती म्हणाली. "मी येते मागून."

वसंतराव तोवर समोरच्या हिरवळीवर वाकून दूर्वा खुडत होते. तिथे लोक हिरवळ म्हणून लावतात ते गवत म्हणजे आपल्या दूर्वाच. शेजारची बाई कुत्र्यासकट थांबून बघत होती. "गुड मॉर्निंग," ते तिला म्हणाले आणि खुडत राहिले. त्या मंगळवारी गणपतीला दूर्वा मिळाल्या.

खाली

मारिसोलनं काठीला फूल लावलं. ऑलिव्हच्या तोंडाजवळ धरलं. काही झालं नाही. मारिसोलचा हात भरून आला तशी तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. सुधा काचेला नाक लावून उभी होती. तिच्या श्वासानं काच धुरकट होई आणि ती पदरानं पुसे.

मग नाक हललं. ओठ पुढे आले. फूल कडेनं आत जाऊ लागलं, एक पाकळी, थांबा, दुसरी पाकळी. देठ शेवटी गेला. अनयानं कोवळं पान पुढे केलं, तेही गेलं.

टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, म्हणून मारिसोलनं सुधाचा दंड दाबला. निळा झाला असेल.

पण ती उतरली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्याही नाही. थंडी ओसरली, कोट कपाटात गेला, इग्वाना कुंपणावरून नाहीसा झाला. माझं परतीचं विमान जवळ आलं. मी सुधाला म्हटलं, निदान सकाळचा एक कप घे, डोकं दुखतंय तुझं. तिनं ऐकलं नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बाकावर बसलो होतो. मी तुमच्यासाठी विणत असलेल्या टोपीचे टाके मोजत होते. सुधानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ऑलिव्ह वरची फांदी सोडत होती. एक नखी. मग दुसरी. उभ्या खोडावर ती शेपटीकडून खाली येऊ लागली, म्हणजे शेपटी असती तर. वाटेत थांबली. अनया दाराशी आली आणि तिथेच थिजली. खोडाच्या तळाशी आल्यावर ऑलिव्हनं खोडाला मिठी मारली, डोळे मिटले आणि बसली. बराच वेळ बसली. मग तिनं पुन्हा वर चढायला सुरुवात केली.

अनया आत गेली, वाकली, आणि तिनं आम्हाला अंगठा दाखवला. ती रडत होती आणि हसत होती, तोंडानं मात्र म्हणाली, "ओके, गुड. व्हेरी गुड. दॅट्स अ लॉट."

सुधानं थर्मास उघडला. झाकणात चहा ओतला. तिथेच उभ्यानं, काचेपलीकडच्या त्या काळ्या गोळ्यांच्या ढिगाकडे बघत, तिनं तो संपवला. मग दुसरा ओतला आणि मारिसोलला दिला. मारिसोलनं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "यात कॉफी कुठे आहे?"

फोटो मी काढला तो त्या ढिगाचा. त्यात सुधाआजीची चप्पल आणि थर्मासचं झाकण आलंय. ऑलिव्ह वर निघून गेली होती, तिचा एक पाय दिसतो. तुम्हाला पाठवते आहे. शाळेत दाखवा. काय आहे ते विचारलं की नीट सांगता येईल, आता सगळं माहीत आहे तुम्हाला.

ऑलिव्ह जंगलात परत जाईल का, ते अजून ठरलेलं नाही. पोट ठीक आहे. तिकडची माणसं उन्हाळ्यात बघू म्हणतात. अनया म्हणते, पाठीवरची हिरवी झाक आता जवळजवळ गेली आहे. जंगलात गेली तर पहिल्या पावसांत ती झाक परत येईल.

निघायच्या सकाळी मी बॅग दाराशी ठेवून अंगणात गेले. थंडीनंतर पहिल्यांदाच कुंपणावर दोन फुलं उमलली होती. सुधानं दोन्ही खुडली, उलटसुलट करून पाहिली आणि अनयाच्या कागदी पिशवीत टाकली. परडी रिकामीच राहिली.

"आणि बाप्पाला?" मी विचारलं.

"उद्या," सुधा म्हणाली. "तो थांबेल."

तुमची,
आजी